दहावीनंतर अकरावी, डिप्लोमा की आयटीआय? फॉर्म भरायच्या आधी घरात बसून करायची कामं

2025 ला दहावीचा निकाल 13 मे लाच लागला, 94.10 टक्के पोरं पास झाली, आणि तिथून पुढचे काही आठवडे घराघरात एकच विषय, किती पडले आणि आता कुठे घालायचं. पंच्याऐंशीच्या वर असतील तर सायन्स, साठ-सत्तर असतील तर डिप्लोमा नाहीतर कॉमर्स, पन्नासच्या खाली आले की "आयटीआयला टाका". पोराला काय जमतं, कशात मन लागतं, घरची ऐपत किती वर्षं शिकवायची आहे, याचा विचार कुठेच नाही, नुसती मार्कलिस्ट बघून उतरंड लावायची. मी दरवर्षी जून-जुलैमध्ये ओळखीपाळखीच्या पोरांचे फॉर्म भरायला मदत करतो आणि हे बघून खरंच जीव तुटतो, कारण यातलीच काही पोरं दोन-तीन वर्षांनी परत येऊन विचारतात की आता बदलता येईल का.

बदलता येतं. पण प्रत्येक ठिकाणाहून बदलायची किंमत वेगळी आहे, कुठे एक वर्ष जातं, कुठे तीन जातात, आणि एक-दोन दारं तर तुम्ही अकरावीला सायन्स घेतलं नाही त्या दिवशीच बंद होतात. ही किंमत फॉर्म भरायच्या आधी माहीत पाहिजे, नंतर नाही. म्हणून खाली क्रमाने सांगतो काय काय करायचं.

आधी बंद होणारी दारं बघा

एक वही घ्या आणि पोराच्या डोक्यात जे जे आहे ते सगळं लिहू द्या, डॉक्टर, पोलीस, यूट्यूब, काहीही असू दे, हसू नका. मग प्रत्येकापुढे एवढंच लिहा की याला बारावी लागतेच का, आणि लागत असेल तर कुठल्या विषयांची.

डॉक्टर, डेंटिस्ट, आयुर्वेद, बीएस्सी नर्सिंग यातलं काही असेल तर अकरावी सायन्स आणि बायोलॉजी, दुसरा रस्ता नाही. फार्मसीचा डिप्लोमासुद्धा बारावी सायन्सनंतर असतो, दहावीनंतर नाही, हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं. एनडीएतून एअरफोर्स नाहीतर नेव्ही हवी असेल तर बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतं. आयआयटीची खरोखर तयारी करायची असेल तरी अकरावी-बारावीच. डीएड करून शिक्षक व्हायचं असेल तर बारावी हवी पण शाखा कुठलीही चालते. एमपीएससी-यूपीएससीला पदवी लागते, ती कुठलीही चालते, त्यामुळे "अधिकारी व्हायचंय म्हणून सायन्स घे" याला काही अर्थ नाही. सीए व्हायचं असेल तर बारावी करून फाउंडेशन, त्याला कॉमर्स सोयीचं पडतं.

आणि इंजिनियर व्हायचं असेल तर? इथे मात्र दोन रस्ते आहेत, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

इंजिनियरिंगचा हिशोब नीट मांडा

अकरावी-बारावी दोन वर्षं आणि डिग्री चार, सहा झाली. डिप्लोमा तीन वर्षं आणि मग डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाऊन आणखी तीन, तीही सहाच झाली. वेळ सारखाच! फरक कुठे आहे तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात काय असतं यात. डिप्लोमावाल्याकडे तंत्रशिक्षण मंडळाचा डिप्लोमा असतो, घरची परिस्थिती फिरली तर तो तिथेच थांबून नोकरी करू शकतो, सिव्हिलवाला जिल्हा परिषदेच्या नाहीतर सार्वजनिक बांधकामच्या कनिष्ठ अभियंता भरतीला बसू शकतो. अकरावी सायन्सवाला त्याच वेळी डिग्रीच्या पहिल्या वर्षाला असतो आणि काही कारणाने शिक्षण सुटलं तर त्याच्याकडे नुसती बारावी असते, तिच्यावर थेट नोकरी मिळणं अवघड.

दुसरा फरक परीक्षेचा. बारावीवरून इंजिनियरिंगला जायला एमएचटी-सीईटी द्यावी लागते, दोनशे मार्कांची, त्यात साधारण 20 टक्के भर अकरावीच्या अभ्यासक्रमावर आणि 80 टक्के बारावीच्या. तिच्यासाठी क्लास लावला की शहरात वर्षाची फी लाखाच्या घरात जाते, इंटिग्रेटेडच्या नावाखाली कॉलेज एका बाजूला नावापुरतं आणि क्लास दुसऱ्या बाजूला, मूल सकाळी सहाला निघतं ते रात्री येतं. डिप्लोमावाल्याला सेकंड इयरला जायला सीईटी नाही, त्याचा प्रवेश डिप्लोमाच्या मार्कांवर होतो, ओपनला किमान 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40. पण हे किमान झालं हं, पुण्याच्या सीओईपीला किंवा माटुंग्याच्या व्हीजेटीआयला जायचं तर डिप्लोमात नव्वदीच्या घरातले मार्क लागतात, म्हणजे डिप्लोमात तीन वर्षं निवांत बसायचं आणि मग चांगलं कॉलेज मिळेल असं होत नाही.

तर मग अकरावी सायन्स कुणी घ्यायचं? ज्याचं अजून नक्की ठरलेलं नाही पण गणित-विज्ञान आवडतं त्याने. बारावीनंतर त्याला इंजिनियरिंग, फार्मसी, बीएस्सी, शेती, आर्किटेक्चर, नाहीतर शाखा बदलून लॉ, सगळं मोकळं असतं. डिप्लोमाला पोरगा पंधराव्या-सोळाव्या वर्षी मेकॅनिकल की कॉम्प्युटर हे ठरवून बसतो आणि पुढे ती शाखा बदलणं सोपं नसतं. म्हणजे अकरावीत विचार करायला दोन वर्षं जास्त मिळतात आणि डिप्लोमात हातात लवकर काहीतरी येतं. तुमच्या घरात यातली कुठली गोष्ट जास्त गरजेची आहे ते तुम्हालाच माहीत, नातेवाईकांना नाही.

अकरावी सायन्स घेणार असाल तर बायफोकल विषय विचारा, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स असे दोनशे मार्कांचे विषय असतात, दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून ते मिळतात. ज्याला हाताने काही करून बघायला आवडतं पण बारावीही हवी आहे त्याच्यासाठी हा मधला रस्ता चांगला आहे, प्रॅक्टिकल असतं. फक्त बायोलॉजी सोडताना नीट दोनदा विचार करा, वर सांगितलेलं डॉक्टरकीचं दार तिथे जवळपास बंद होतं.

आयटीआयबद्दल जरा सविस्तर, कारण याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं

आयटीआय म्हणजे नापासांची जागा हे डोक्यातून काढून टाका. चांगल्या सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि फिटरच्या जागेसाठी मेरिट बऱ्यापैकी वर जातं, पुण्यात औंध, नाशिकला सातपूर अशा ठिकाणी आधीच्या वर्षाचे कटऑफ काढून बघा म्हणजे कळेल.

पहिली गोष्ट ट्रेड किती वर्षांचा आहे ते बघा. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन, ड्राफ्ट्समन, एसी-फ्रिजचा टेक्निशियन हे दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, प्लंबर, कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर हे एक वर्षाचे. हे एवढं महत्त्वाचं का, तर दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला अर्ज करता येतो, एक वर्षाच्या ट्रेडवर नाही. शिवाय दोन वर्षांच्या आयटीआयवाल्याला भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते, आणि पुढे सरकारी भरतीत कधी आयटीआयबरोबर बारावीही मागितली तर अडत नाही. म्हणून आयटीआयला गेलेल्या प्रत्येक पोराने हे काम दुसऱ्या वर्षीच उरकून टाकावं असं मी आवर्जून सांगतो, नंतर नोकरी लागली की राहूनच जातं.

आता हिशोब करा. दोन वर्षं आयटीआय, मग सेकंड इयर डिप्लोमा दोन वर्षं, मग डिग्रीला सेकंड इयर तीन वर्षं, एकूण सात. म्हणजे आयटीआयवरून इंजिनियर व्हायला फक्त एक वर्ष जास्त लागतं! हे मी सांगतो तेव्हा लोकांना खरं वाटत नाही. अर्थात प्रत्येक टप्प्यावर मार्क आणि जागा लागते, आणि आयटीआयहून डिप्लोमाला गेलेल्या पोराला गणित फार जड जातं, पहिल्या वर्षाचं गणित त्याने शिकलेलंच नसतं, तेव्हा त्याची तयारी ठेवून जायचं.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप करायचीच. 1961 च्या अप्रेंटिसशिप कायद्याखाली कंपन्यांना पोरं घ्यावी लागतात, दरमहा स्टायपेंड मिळतो आणि शेवटी परीक्षा देऊन वेगळं सर्टिफिकेट मिळतं, भरतीत त्याला किंमत असते. मध्य रेल्वेची परळ, माटुंगा वर्कशॉपं, खडकी-देहूरोड-भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, महावितरण, सगळीकडे अप्रेंटिस घेतात. माझगाव डॉक तर दहावी पास पोरांनाही परीक्षा घेऊन थेट ट्रेड अप्रेंटिस म्हणून घेतं, ही जाहिरात दरवर्षी बघत जा. इलेक्ट्रिशियन आणि वायरमनवाल्यांना महावितरणची विद्युत सहायक भरती आहे, रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीला आयटीआय चालतो.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती लपवून उपयोग नाही. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, कुठेही जा, बरीचशी पोरं आधी कॉन्ट्रॅक्टवर लागतात, शिफ्ट असते, पर्मनंट व्हायची खात्री नसते. जे पोरगं तिथे राहून सीएनसी सेटिंग, पीएलसी, मेंटेनन्स असं पुढचं काही शिकतं त्याचा पगार वाढतो, जे नुसतं मशीनवर जॉब लावत-काढत राहतं ते तिथेच अडकतं. आणि स्वतःचा धंदा करायचा असेल तर एसी, वायरिंग, प्लंबिंग, टू-व्हीलर यात तालुक्याच्या गावातही काम मिळतं, पण पहिली दोन-तीन वर्षं कुणाच्या हाताखाली काढावी लागतात.

मुलींच्या पालकांना खास सांगणं, आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात आणि त्या सगळ्या ट्रेडला असतात, शिवणकाम नाहीतर ब्युटी पार्लर एवढंच नाही. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट या ट्रेडचा विचार करा. मुलीला हवं असेल आणि घरचे "पोरींचं काम नाही" म्हणत असतील तर तिला घेऊन एकदा वर्कशॉप बघून या, तिथे शिकणाऱ्या मुलींशी बोला.

जाऊन बघा, माहितीपत्रकावर जाऊ नका

हे मी सगळ्यात महत्त्वाचं काम समजतो आणि नेमकं हेच लोक टाळतात. निकाल लागल्यावर ज्या दोन-तीन ठिकाणांचा विचार आहे तिथे मुलाला बरोबर घेऊन जा, ऑफिसात नाही, वर्कशॉपमध्ये आणि लॅबमध्ये. बघायचं काय, तर मशीनवर धूळ आहे की ऑइल आहे. त्या ट्रेडला निदेशक पूर्णवेळ आहे की जागा रिकामी आहे आणि दुसऱ्या ट्रेडचे सर चालवून घेतात. एका मशीनवर किती पोरं असतात. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना गेटबाहेर गाठा आणि विचारा की गेल्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हाताने काय केलं. ती जे सांगतील ते खरं. कॅम्पसला कुठल्या कंपन्या येतात हे प्राचार्यांना विचारा, पण पर्मनंट घेतात की ट्रेनी म्हणून, हे पोरांना विचारा.

आणि एक काम, सुट्टीत मुलाला आठ-दहा दिवस खऱ्या कामाच्या जागी बसवा. ओळखीच्या गॅरेजमध्ये, सिव्हिल कॉन्ट्रॅक्टरच्या साईटवर, सीएच्या ऑफिसात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, जिथे कल वाटतोय तिथे, धोक्याच्या कामाला हात न लावता नुसतं बघायला आणि पडेल ती बारीकसारीक मदत करायला. कॉम्प्युटर इंजिनियर व्हायचंय म्हणणाऱ्या पोराला त्या सुट्टीत थोडं कोडिंग करून बघू द्या, तो त्यात दोन-दोन तास बसतो की दहा मिनिटांत मोबाईलवर गेम उघडतो ते तुम्हाला दिसेलच.

खासगी संस्थांच्या बाबतीत आणखी एक तपासा. आयटीआय असेल तर तो ट्रेड एनसीव्हीटी (केंद्राची व्यवसाय प्रशिक्षण परिषद) संलग्न आहे का, आणि पॉलिटेक्निक असेल तर तंत्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर त्याचा कोड आहे का. "एक वर्षात डिप्लोमा, शंभर टक्के जॉब" अशी फ्लेक्स लावणाऱ्यांचा कागद मंडळाचा नसतो, तो घेऊन पुढे कुठल्याही सेकंड इयरला प्रवेश मिळत नाही.

आता हे मुलासाठी, आई-बाबांनी त्याला वाचायला द्यावं

मित्र जातोय म्हणून त्याच्यामागे जाऊ नकोस, दोन महिन्यांत तुझी तुकडी वेगळी, बॅच वेगळी आणि मित्रही वेगळे होतात. स्वतःला तीन प्रश्न विचार. नववी-दहावीत कुठला विषय तू कुणी न सांगता वाचलास? बिघडलेली वस्तू दिसली की उघडून बघावीशी वाटते की कुणीतरी दुरुस्त करून द्यावी असं वाटतं? आणि दिवसभर उभं राहून काम करणं तुला झेपतं की तुझं डोकं बसून वाचण्यात जास्त चालतं? यात कुठलंही उत्तर कमीपणाचं नाही. घरच्यांशी पटत नसेल तर भांडू नकोस, त्यांना वर्षांचा आणि पैशांचा हिशोब कागदावर लिहून दाखव, तू जिथे जायचं म्हणतोस तिथला माणूस त्यांना भेटव. बहुतेक आई-बाप पोराने नीट विचार केलाय हे दिसलं की ऐकतात.

कागदपत्रं आणि फॉर्म

अकरावी, डिप्लोमा आणि आयटीआय या तिन्हींचे पोर्टल वेगळे आहेत आणि तिन्ही फॉर्म एकाच वेळी भरता येतात, भराच. फीचे चार पैसे जातील पण रस्ता मोकळा राहतो. 2025-26 पासून अकरावीसुद्धा सगळ्या राज्यात ऑनलाइन झाली, आधी फक्त मुंबई-पुणे-नाशिक-नागपूर-अमरावतीला होती, त्यामुळे आता तालुक्याच्या कॉलेजलाही "सरांना भेटून करून घेऊ" चालत नाही. दहा पसंतीक्रम देता येतात. इथे लोक एक चूक हमखास करतात, पहिल्या नंबरला सहज मिळेल असं कॉलेज टाकतात, ते लागतं, आणि मग घ्यायचं नसतं. पहिल्या पसंतीचं मिळालं आणि घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर जाता. डिप्लोमालाही पहिला ऑप्शन लागला की ऑटो फ्रीज होतो, म्हणजे आपोआप तोच पक्का. म्हणून खरोखर हवं तेच वर, आणि नको असलेलं कॉलेज यादीत कुठेच नको.

डिप्लोमाला दहावीला किमान 35 टक्के लागतात आणि मेरिट लागतं. मेरिटमध्ये नाव वर यायला राखीव प्रवर्गाचे कागद वेळेत हवेत. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर (त्याची मुदत 31 मार्चला संपते, जुना घेऊन जाऊ नका), डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, हे सगळं दहावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच सेतूत टाका, निकालानंतर तिथे रांग लागते आणि सर्व्हर बंद असतो. पुढे इंजिनियरिंगला जायचं असेल तर जात वैधतेचं प्रकरणही वेळेआधी सुरू करा, ऐनवेळी पळापळ फार होते. शाळा सोडल्याचा दाखला मूळ एकच असतो, तो एका ठिकाणी जमा केला की दुसरीकडे जायला आधीचा प्रवेश रद्द करून परत घ्यावा लागतो, म्हणून जमा करायच्या आधी स्कॅन आणि पाच-सहा झेरॉक्स काढून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर सरकारी आयटीआय आणि सरकारी पॉलिटेक्निक खासगीच्या मानाने खूपच स्वस्त पडतात. शिष्यवृत्तीचे फॉर्म महाडीबीटीवर भरायचे, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत चालतं, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. दरवर्षी रिन्यू करावं लागतं, ते विसरू नका. रोजचा प्रवास असेल तर एसटीचा विद्यार्थी पास काढा, दोन तृतीयांश सवलत मिळते.

जूनपासून पहिल्या सेमिस्टरपर्यंत

मराठी माध्यमातून डिप्लोमाला गेलेली पोरं पहिल्याच सेमिस्टरला अडखळतात, आणि ती हुशार नसतात म्हणून नाही, इंग्रजीमुळे आणि गणितामुळे. बेसिक मॅथेमॅटिक्स, बेसिक सायन्स, इंजिनियरिंग ग्राफिक्स हे लगेच समोर येतं. सुट्टीत रोज तास-दीड तास लॉगॅरिदम, त्रिकोणमिती आणि बीजगणित करा, आणि दहावीचं विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीतून आणून तेच धडे परत वाचा, विषय माहीत असल्यामुळे शब्द पटकन बसतात. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, की खचू नका पण साठवूही नका, फार साठल्या की वायडी (इयर डाऊन) बसतो आणि वर्ष जातं. आयटीआयला 80 टक्के हजेरी लागते, नाहीतर परीक्षेलाच बसू देत नाहीत, तिथे हजेरी कमी पडली म्हणून वर्ष गेलेली पोरं मी पाहिली आहेत.

आणि दिवाळीपर्यंत लक्षात आलं की ही जागा आपली नाही, तर? आधी त्या सेमिस्टरची परीक्षा देऊन निकाल बघा, कारण कधीकधी विषय नाही, होस्टेल नाहीतर घरची आठवण जड जात असते. तरीही नकोच असेल तर प्रवेश रद्द करून दाखला हातात घ्या, पुढच्या जूनला परत फॉर्म भरता येतो, मधल्या वर्षासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. काम करत करत बारावी करायची असेल तर बाहेरून परीक्षा द्यायचा 17 नंबरचा फॉर्म आहे, त्याच्या तारखा बोर्ड वर्षाच्या मधेच जाहीर करतं तेव्हा जवळच्या ज्युनिअर कॉलेजात चौकशी करत राहा, पुढे पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. आयटीआयला वय 14 पूर्ण असलं की झालं, वरची वयोमर्यादा नाही, त्यामुळे बारावी किंवा ग्रॅज्युएशन करून ट्रेड शिकायला येणारी मुलंही तिथे असतात.